संघ खेळाडूसाठी की खेळाडू संघासाठी?



आमच्या ऑफिसातल्या कपाटात वरच्या फळीवर एक चषक ठेवलेला आहे. बाप्तिस्म्याची किंवा लग्नाची नोंदवही काढायला कपाट उघडले की तो समोर दिसतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही आपल्या मुलांचा कबड्डीचा संघ उभा केला होता, त्या वेळचा तो चषक आहे. आपल्यापैकी अनेकांनी तो मिरवत आणला होता, ढोल वाजवला होता, आणि आम्हीही त्या दिवशी मनातून फुशारलो होतो.

त्या संघात बारा मुले होती. सात मैदानात, पाच बाहेर. बाहेरच्या पाचांमध्ये एक मुलगा होता. अंगाने बारीक, चढाईला फारसा चपळ नाही, पण महिनाभर एकही संध्याकाळ त्याने चुकवली नाही. मैदान झाडणे, फक्कीने रेषा आखणे, पाण्याचा ड्रम भरणे ही सगळी कामे तो न सांगता करायचा. स्पर्धेचे चारही सामने तो बाहेर बसून होता. शेवटच्या सामन्यात आपण भरपूर गुणांनी पुढे होतो, पाचेक मिनिटे उरली होती. त्याने एकदा आमच्याकडे पाहिले. आम्ही पाहिले न पाहिलेसे केले. एखाद्या गुणाचीही जोखीम आम्हाला नको होती. आपण जिंकलो. फोटोत तो मुलगा कडेला उभा आहे. त्यानंतर तो सरावाला आला नाही, आणि हळूहळू रविवारच्या मिस्सालाही दिसेनासा झाला.

त्याच्या वडिलांनी एकदा एवढेच विचारले, “फादर, पोराला एकदा तरी उतरवायला काय हरकत होती?” आम्ही उत्तर दिले, “संघाच्या हितासाठी तसे करावे लागले.” ते काही बोलले नाहीत. पण आमचेच उत्तर आम्हाला बरेच दिवस खुपत राहिले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ‘सर्वांचे हित’ या शब्दांवर आम्ही पानेच्या पाने लिहिली होती. मग त्या पाच मिनिटांत संघाचे असे कोणते हित होते, जे त्या मुलाचे हित नव्हते?

हा प्रश्न आज पुन्हा काढण्याचे कारण क्रिकेटचे आहे. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक प्रथमच जिंकला. आपल्या नारायणगाव-मंचरपासून ओतूर-घोडेगावपर्यंत ज्यांना एरवी क्रिकेटचे वेड नाही त्यांनीही तो सामना पाहिला असेल. त्या संघाचे प्रशिक्षक होते मुंबईचे अमोल मुजुमदार. या माणसाची कथा आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळची आहे.

फेब्रुवारी 1988 मध्ये मुंबईत शाळांच्या हॅरिस शील्ड स्पर्धेत शारदाश्रम शाळेकडून सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची अखंड भागीदारी केली. ती गोष्ट सर्वांना माहीत आहे. त्या वेळी पुढच्या क्रमांकावर जाणारा तेरा वर्षांचा एक मुलगा पॅड बांधून तंबूत बसला होता, आणि त्याची पाळी आलीच नाही, ही गोष्ट त्यामानाने कमी जणांना माहीत असते. तो मुलगा म्हणजे अमोल मुजुमदार. रमाकांत आचरेकर सरांचाच तोही विद्यार्थी. पुढे 1993-94 च्या हंगामात रणजी पदार्पणातच त्याने हरियाणाविरुद्ध 260 धावा केल्या. पदार्पणातील तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. त्याच्या प्रथम श्रेणीच्या 171 सामन्यांत 11,167 धावा आणि 30 शतके झाली. मुंबईचा कर्णधार म्हणून त्याने 2006-07 चा रणजी करंडक जिंकला. पण भारताच्या संघात त्याला एकदाही जागा मिळाली नाही. त्याच काळात मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण असे खेळाडू होते. कोणाचा गुन्हा म्हणावा असे काही नव्हते. जागा थोड्या होत्या, एवढेच.

ज्याची स्वतःची पाळी आली नाही, असा माणूस ऑक्टोबर 2023 मध्ये भारताच्या महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. म्हणजे आता कोणाला खेळवायचे आणि कोणाला बसवायचे, हे ठरवण्याची पाळी त्याच्यावर आली.

आता विचार करू. संघ ही काय वस्तू आहे? आपल्याकडे खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. शाळेच्या सहलीत ती बहुतेकांनी पाहिली असेल. ती एक दुर्बीण नाही. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. त्यांतल्या 14 मध्यभागी जवळजवळ आहेत आणि बाकीच्या तीन दिशांना दूरवर वावरांतून पसरलेल्या आहेत. प्रत्येक तबकडीने टिपलेले संकेत एकत्र केले जातात, तेव्हा ती सगळी मिळून एखाद्या प्रचंड दुर्बिणीसारखी काम करते. एकटी तबकडी जे पाहू शकत नाही ते सगळ्या मिळून पाहतात. ॲरिस्टॉटलने आणि त्याच्या मागोमाग संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सर्वांचे हित’ म्हणून जे सांगितले, ते काहीसे असेच आहे. ते प्रत्येकाच्या हिताची नुसती बेरीज नसते. एकत्र आल्याशिवाय जे निर्माणच होत नाही आणि निर्माण झाल्यावर सर्वांचे असते, ते सर्वांचे हित.

इथपर्यंत दृष्टान्त चांगला चालतो. पण दुरुस्तीसाठी एखादी तबकडी बंद ठेवली तर तिला वाईट वाटत नाही. उरलेल्या तबकड्या काम करत आहेत आणि आपण बंद आहोत, हे तिला कळत नाही. माणसाला कळते. बाहेर बसलेला मुलगा सामना पाहत असतो आणि त्याच वेळी स्वतःलाही पाहत असतो. ‘मी इथे कशाला आहे?’ हा प्रश्न त्याला पडतो. म्हणून तबकड्यांच्या बाबतीत जे पुरेसे आहे ते माणसांच्या बाबतीत पुरेसे नाही. कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने बजावून सांगितले की माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये. यातला ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आपण एकमेकांचा उपयोग करून घेतोच. शेतात, घरात, संघात त्याशिवाय चालत नाही. पण समोरचा माणूस त्या उपयोगापुरताच उरला, की अन्याय सुरू होतो.

याच्या उलट टोकाची चूकही असते, आणि आजकाल ती प्रेमाच्या नावाखाली होते. कोणाला वाईट वाटू नये म्हणून सगळ्यांना सारखीच पाळी द्यायची. लहान मुलांच्या खेळात ते योग्यच आहे. पण जिथे सर्वांनी मिळून काही गाठायचे ठरवले आहे तिथे असे करणे म्हणजे बाकीच्यांच्या कष्टाची किंमत न ठेवणे होय. ज्याला सूर लागत नाही त्याला नाताळच्या मिस्सात एकट्याने गायला उभे केले, तर गायनवृंदावर अन्याय होतो, आणि लोक हसले तर त्या माणसावरही होतो. सर्वांना सारखे मानणे आणि सर्वांना सारखे काम देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आम्ही सेमिनरीत बास्केटबॉल खेळायचो. खेळायचो म्हणजे बहुतेक वेळ बाकावर बसायचो! हा खेळ 1891 मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वाय.एम.सी.ए. शाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने काढला. हिवाळ्यात बाहेर खेळता येत नाही, म्हणून व्यायामशाळेत पीचच्या फळांच्या दोन टोपल्या उंचावर ठोकल्या. वर्गात अठरा विद्यार्थी होते, म्हणून नऊ-नऊचे दोन संघ केले. म्हणजे पहिल्या सामन्यात बाकावर कोणी नव्हते. सगळा वर्ग खेळला. पुढे खेळ वाढला, एका बाजूला पाचच खेळाडू असा नियम झाला, आणि मग बाक आला. खेळ चांगला व्हायचा तर बाक लागतोच. प्रश्न एवढाच उरतो की बाकावरच्याशी आपण कसे वागतो.

आता 2025 च्या त्या विश्वचषकाकडे परत येऊ. भारताने पहिले दोन सामने जिंकले आणि नंतर लागोपाठ तीन हरले. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड. यातल्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात, 19 ऑक्टोबरला इंदूर येथे, एका जास्तीच्या गोलंदाजासाठी जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर बसवले गेले. जेमिमा मुंबईची, आपल्यासारख्याच ख्रिस्ती घरातली मुलगी. स्पर्धेत ती दोनदा शून्यावर बाद झाली होती. तिला बसवूनही संघ 4 धावांनी हरला. ड्रेसिंग रूममध्ये प्रशिक्षक त्या दिवशी कडक बोलले. पण ते मनापासून बोलतात हे माहीत असल्यामुळे कोणाला ते लागले नाही, असे कर्णधार हरमनप्रीत कौरने नंतर सांगितले.

पुढच्याच सामन्यात जेमिमा परत संघात आली आणि न्यूझीलंडविरुद्ध नाबाद 76 धावा केल्या. उपान्त्य सामन्यात 30 ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियाने 338 धावांचा डोंगर उभा केला. त्या सामन्याच्या वेळी मुजुमदारांनी फळ्यावर एवढेच लिहिल्याचे खेळाडूंनी सांगितले की, अंतिम फेरी गाठायला त्यांच्यापेक्षा फक्त एक धाव जास्त हवी आहे. तिसऱ्या क्रमांकावर जायचे आहे हे जेमिमाला मैदानात उतरण्याच्या काही मिनिटे आधी कळले. तिने नाबाद 127 धावा केल्या आणि भारत पाच गडी राखून जिंकला. सामना संपल्यावर तिने रडत रडत सांगितले की या स्पर्धेत आपण जवळजवळ रोज रडत होतो, मन सैरभैर झाले होते, आईला फोन करून रडत होतो. शेवटी थकल्यावर निर्गम ग्रंथातले एक वचन मनात धरून आपण उभे राहिलो, असेही ती म्हणाली.

मग तिला बसवणे अन्याय होता का? आम्हाला तसे वाटत नाही. निर्णय चुकला असेल, नसेल. क्रिकेटमधले जाणकार ते ठरवतील. पण चुकीचा निर्णय आणि अन्याय यांत फरक आहे. तिला अकरांतून काढले होते, संघातून काढले नव्हते. आमच्या मते हाच तो फरक आहे. तो ओळखायला आपण तीन प्रश्न विचारू शकतो. बसवलेल्याला कारण तोंडावर सांगितले का? त्याच्यासाठी दार उघडे ठेवले का? आणि बसलेला असतानाही त्याला करण्यासारखे, त्याच्या मोलाचे काही काम उरले का? या तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर बसणाऱ्याला दुःख होईल, पण त्याचा अपमान झालेला नसेल.

त्याच संघात आणखी एक उदाहरण आहे. सलामीला खेळणारी प्रतिका रावल हिने न्यूझीलंडविरुद्ध शतक ठोकले होते. बांगलादेशविरुद्धच्या सामन्यात तिचा पाय जायबंदी झाला आणि ती स्पर्धेतूनच बाहेर गेली. तिच्या जागी शफाली वर्मा आली, जी मूळ पंधरांत नव्हतीच. अंतिम सामन्यात शफालीने 87 धावा केल्या, दोन बळी घेतले आणि सामन्याची मानकरी ठरली. एकीचे दुर्दैव हीच दुसरीची संधी. अशा वेळी मनात काय काय येऊ शकते ते आपण सगळे जाणतो. पण विजयानंतर मैदानात चाकाच्या खुर्चीतून प्रतिकाला आणले गेले आणि ती सगळ्यांबरोबर नाचली. करंडक मिताली राज, झूलन गोस्वामी, अंजुम चोप्रा या जुन्या खेळाडूंच्याही हाती दिला गेला. या तिघींनी वर्षानुवर्षे खेळूनही विश्वचषक त्यांच्या वाट्याला आला नव्हता. त्या रात्री मैदानावर ‘आम्ही जिंकलो’ म्हणणाऱ्यांत त्या सामन्यात न खेळलेल्याही होत्या, आणि ते खोटे नव्हते.

अमेरिकेत जॉन वुडन नावाचे बास्केटबॉलचे एक नामवंत प्रशिक्षक होऊन गेले. 1964 ते 1975 या बारा वर्षांत त्यांच्या विद्यापीठाच्या संघाने दहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. हंगामाच्या पहिल्या दिवशी ते मोठमोठ्या खेळाडूंना पायमोजे आणि बूट नीट कसे घालायचे ते शिकवायचे, कारण सुरकुतीने फोड येतो आणि फोड आलेला खेळाडू संघाला उपयोगी पडत नाही. त्यांचा आणखी एक दंडक होता. ज्याने चेंडू टोपलीत टाकला त्याने, ज्याच्याकडून चेंडू मिळाला त्याच्याकडे बोट करून किंवा मान हलवून त्याची दखल घ्यायची. टाळ्या टाकणाऱ्याला मिळतात, म्हणून देणाऱ्याची आठवण टाकणाऱ्यानेच ठेवायची. आपल्या घरात हा दंडक आहे का? टोमॅटोला नारायणगावच्या बाजारात चांगला भाव मिळाला की पैसे मोजणारा हात एकाचा असतो. रोपे लावणारे, खुडणारे, क्रेट भरणारे हात कितींचे असतात?

इथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो योग्य आहे. मुजुमदारांची गोष्ट सांगायला सोपी आहे, कारण तिचा शेवट गोड झाला. हरमनप्रीतने मैदानात त्यांच्या पायांना हात लावला ते सगळ्या देशाने पाहिले. पण ज्याच्या वाट्याला असा शेवट येत नाही त्याचे काय? आयुष्यभर पॅड बांधून बसलेले कितीतरी असतात. आईवडिलांच्या आजारपणात शिक्षण सोडलेली थोरली मुलगी. भावाच्या फीसाठी शेतात राहिलेला धाकटा. लग्नाची वाट पाहून थकलेली बहीण. त्यांना आम्ही असे सांगायचे का, की थांबा, तुमचाही विश्वचषक येईल?

नाही. तसे सांगणे खोटे ठरेल. तो येईलच असे नाही. आम्हाला वाटते, मुजुमदारांच्या गोष्टीतला बोध शेवटच्या रात्रीत नाहीच. समजा तो अंतिम सामना भारत हरला असता. तर त्यांच्या 11,167 धावा कमी झाल्या असत्या का? तेरा वर्षांचा तो मुलगा तंबूत बसून होता तेव्हा त्याची किंमत मैदानातल्या दोघांपेक्षा कमी होती का? द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवसभर चौकात उभे राहिलेले मजूर आठवा. ते आळशी नव्हते. त्यांना कोणी कामावर बोलावले नव्हते. मालकाने त्यांना पुरा रोज दिला, तो कामाचे तास मोजून नव्हे, तर माणूस आणि त्याची गरज पाहून. आपल्याकडे आठवड्याच्या बाजाराला मजूर रस्त्याच्या कडेला थांबलेले असतात. दुपारपर्यंत कोणी नेले नाही तर त्यांचे चेहरे कसे होतात ते पाहिले आहे ना? न निवडले जाण्याचे दुःख तिथे रोज दिसते.

माणसाचे मोल त्याला मिळालेल्या पाळीवर ठरत नाही. आणि हे त्याला कळावे, ही जबाबदारी बाकावर बसलेल्याची एकट्याची नाही. ती निवडणाऱ्याची आणि मैदानात खेळणाऱ्यांची आहे. शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथसाठी नाही, असे प्रभूने शिकवले. त्याच अर्थाने, संघ खेळाडूसाठी आहे. खेळाडूने संघासाठी घाम गाळावा, प्रसंगी बाहेर बसावे, हे खरे. पण ज्यासाठी तो हे करतो ते त्याच्याही वाट्याला यावे, तरच ते सर्वांचे हित.

आता आमच्या कपाटातल्या चषकाबद्दल. वरचे तीन प्रश्न आम्ही स्वतःला विचारले. कारण सांगितले होते का? नाही. दार उघडे होते का? पाच मिनिटे उरलेली असताना ते आम्ही आपल्या हाताने बंद केले. त्याच्या कामाची दखल घेतली होती का? रेषा कोणी आखल्या, हे बक्षीस समारंभात आमच्या तोंडून आलेच नाही. म्हणजे आम्ही त्याला केवळ साधन केले होते, तेही ज्याची गरज नव्हती अशा एका विजयासाठी. सामना तर आपण तसाही जिंकत होतो.

विश्वचषकानंतरच्या आठवड्यात आम्ही त्याच्या घरी गेलो. तो आता मोठा झाला आहे, नोकरीला आहे, सुट्टीला आला होता. त्याच्या आईने चहा दिला. आम्ही सरळ सांगितले की त्या दिवशी आमचे चुकले. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “फादर, खेळायला नाही मिळालं त्याचं एवढं नव्हतं. पण मला का बसवलंय ते तुम्ही कधी सांगितलंच नाही. मला वाटायचं, उद्या सांगतील.”

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. तो मिस्साला परत येईल की नाही, ते आम्ही विचारले नाही. त्या दिवशी ते विचारणे म्हणजे माफी मागून लगेच त्याची किंमत वसूल करण्यासारखे झाले असते.

येत्या मे महिन्यात मुलांचा संघ पुन्हा करायचा आहे. निवड करावीच लागेल आणि काही मुलांना बाहेर बसावे लागेल. पण ज्याला बसवू त्याच्याजवळ त्याच संध्याकाळी आम्ही बसू आणि कारण सांगू. तुम्हीही या आठवड्यात आपापल्या घरात एकदा पाहा. तुमच्या संघात बरेच दिवस पॅड बांधून कोण बसले आहे? आणि त्याला शेवटचे कोण काय बोलले होते?

तुमचे धर्मगुरू